नव्या शोधाला विरोध नसतो, कमीपणाला असतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत डॉक्टर लोक नवे शोध का दाबतात यावर लेख आला होता, मग पुढच्या आठवड्यात त्याला उत्तर म्हणून दोन डॉक्टरांची पत्रंही आली. लेखकाचं म्हणणं असं की ही सगळी एक लॉबी आहे, नवीन काही आलं की ती दाबून टाकते. डॉक्टरांचं म्हणणं असं की छे, असं काही नसतं, पुरावा आला की आम्ही लगेच स्वीकारतो. मला दोघांचंही पटलं नाही म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, कात्री लावायची तर लावा, फक्त विंचवाचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मी डॉक्टर नाही. एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो, रत्नागिरी-रायगडची लाईन केली, आता रिटायर झालोय. डॉक्टर काय लिहितात आणि का लिहितात हे त्यांच्या चेंबरबाहेरच्या बाकड्यावर बसून जितकं कळतं तितकं कॉन्फरन्सच्या एसी हॉलमध्ये कळत नाही. पहिली गोष्ट ही की डॉक्टर नव्याला विरोध करत असते तर आमच्या धंद्याला कुलूपच लागलं असतं. नवीन अँटिबायोटिक आलं, डॉक्टरांना दाखवायचं चकचकीत व्हिज्युअल एड (माहितीपत्रक) आलं, मुंबईच्या मोठ्या सरांचं नाव घेतलं की महिन्याच्या आत ते तालुक्याच्या गावातल्या चिठ्ठीवर दिसायचं, जुनं तितकंच चांगलं औषध निम्म्या किमतीत असलं तरी. नवीन मशीन, नवीन स्कॅन, नवीन ऑपरेशन, सगळं गरम गरम खपायचं. म्हणजे नवं चालतं, अगदी पुरावा यायच्या आधीसुद्धा चालतं. घशात अडकतं ते वेगळंच. एक, ज्या शोधातून असं निघतं की आजवर तुमच्याच हातानं नुकसान होत होतं. आणि दोन, ज्यातून असं निघतं की हे काम तुमच्याशिवाय, कमी शिकलेल्या माणसाकडून, चार पैशांच्या वस्तूनं होऊ शकतं. इतिहासातली गाजलेली भांडणं काढून बघा, बहुतेक ह्या दोनातच बसतात.

सेमेलवाइसची गोष्ट लेखकानं दोन ओळीत उरकली, हात धुवा म्हणाला आणि लोकांनी त्याला वेडा ठरवला, एवढंच. ती नीट सांगायला हवी. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि मेडिकलचे विद्यार्थी शिकायचे, दुसऱ्यात सुइणी. एक दिवस भरती ह्या विभागात, दुसऱ्या दिवशी त्या विभागात, असं आळीपाळीनं चालायचं, त्यामुळे बायका साधारण एकाच थरातल्या. आणि तरी १८४६ साली पहिल्या विभागात शंभरात अकराहून जास्त बाळंतिणी तापानं गेल्या आणि सुइणींकडे तीनसुद्धा नाही. हे गावभर माहीत होतं. बायका गुडघे टेकून विनवायच्या की आम्हाला पहिल्यात नको, काहीजणी तर मुद्दाम वाटेतच बाळंत होऊन यायच्या, आणि रस्त्यावर बाळंत झालेल्यांना तो ताप कमी व्हायचा! म्हणजे जिथे शिकलेले हात होते तिथेच जास्त मरण होतं.

सेमेलवाइस, तिथला हंगेरियन तरुण असिस्टंट, एकेक शक्यता घेऊन खोडत बसला. गर्दी? गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त. हवा? दोन्हीकडे एकच. मरणाऱ्यांना शेवटचे संस्कार द्यायला घंटा वाजवत पाद्री वॉर्डातून जातो त्याची धास्ती बायका घेतात असंही काहींचं म्हणणं होतं, तर यानं पाद्र्याचा रस्ता बदलून पाहिला. फरक शून्य. मग मार्च १८४७ मध्ये त्याचा मित्र प्रोफेसर कोलेचका शवविच्छेदन करताना सुरीचा काप लागून वारला आणि त्याच्या प्रेतात अगदी बाळंतिणींसारखीच लक्षणं सापडली. तेव्हा ट्यूब पेटली. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडून तसेच बाळंतिणी तपासायला यायचे, सुइणी प्रेतांना हात लावत नव्हत्या. मे महिन्यात त्यानं क्लोरिनच्या पाण्यानं हात धुवायची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जूनमध्ये दोन, जुलैमध्ये जेमतेम एक.

आता सांगा, ह्याहून मोठा पुरावा तो काय हवा? पण हा पुरावा नुसता 'हात धुवा' म्हणत नव्हता, तो म्हणत होता की गेली कित्येक वर्षं त्या बायका तुम्ही मारल्यात. जर्मनीतल्या कील गावच्या मिखाएलिस नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं ही पद्धत प्रामाणिकपणे घेतली, आणि तिचा गुण आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपली चुलतबहीण आपण तपासल्यामुळेच गेली असणार. १८४८ साली त्यानं रेल्वेखाली जीव दिला. शोध मान्य करण्याची किंमत काय असते याचं ह्याहून भयंकर उदाहरण माझ्या वाचनात नाही. बाकीच्यांनी ती किंमत टाळली, एवढंच म्हणता येईल. त्यांना दुष्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सेमेलवाइसच्या आधीही हे झालं होतं. स्कॉटलंडात ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डननं १७९५ सालीच लिहून ठेवलं होतं की हा ताप सुइणी आणि डॉक्टरच घरोघर नेतात, त्यानं सुइणींची नावं छापली आणि त्यात स्वतःलाही धरलं. परिणाम असा की गाव त्याच्यावर उलटलं आणि त्याला तिथून जावं लागलं. अमेरिकेत १८४३ साली बोस्टनचे होम्स नावाचे डॉक्टर हेच बोलले तर फिलाडेल्फियाच्या मेग्ज नावाच्या नामांकित प्रोफेसरचा सूर असा की डॉक्टर हे सभ्य गृहस्थ असतात आणि सभ्य गृहस्थांचे हात स्वच्छच असतात. ह्यावर काय बोलणार.

पण लेखकानं जी गोष्ट गाळली तीही सांगतो, नाहीतर मी पण त्याच माळेतला. सेमेलवाइसला कारण सांगता येत नव्हतं. जंतूंमुळे रोग होतो हा विचार अजून रुजला नव्हता, तो 'प्रेताचे कण' म्हणायचा, आणि इतरांना वाटायचं की हा एकाच कारणात सगळा ताप कोंबतोय. शिवाय त्यानं स्वतः लिहून छापायला उशीर केला, पुस्तक आलं ते १८६१ साली, आणि नंतर तर विरोधकांना जाहीर पत्रं लिहून खुनी म्हणायला लागला. १८४९ सालीच व्हिएन्नातली नोकरी संपली होती, १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात सत्तेचाळिसाव्या वर्षी मेला. त्याचा स्वभाव गोड असता तर काय झालं असतं हे कोणी सांगावं. पण गॉर्डन काही भांडखोर नव्हता, त्याचं तरी कुठे ऐकलं.

कारण सांगता येत नाही म्हणून डोळ्यासमोरचं नाकारायचं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तत्त्वज्ञानाचा जो भाग आहे तो माझ्या मते इथे आहे. डॉक्टर माणूस पेशंट समोर असताना थांबू शकत नाही, त्याला आत्ताच्या आत्ता काहीतरी करावं लागतं, आणि त्यासाठी मनात शरीराचं एक चित्र लागतं, हे असं झालं की ते तसं होतं. त्या चित्रात बसणारी गोष्ट पुराव्याशिवायही आत येते, न बसणारी गोष्ट पुराव्यासकट बाहेर राहते. आणि पेशंट बहुतेक वेळा आपोआप बरा होतो, त्यामुळे जे केलं त्याचा गुण आला असंच वाटतं. फ्रान्समध्ये १८३० च्या सुमारास रक्त काढणं इतकं जोरात होतं की एका वर्षात चार कोटींहून जास्त जळवा बाहेरून मागवल्या होत्या, आणि पिएर लुई नावाच्या डॉक्टरनं न्यूमोनियाचे पेशंट मोजून दाखवलं की रक्त काढून फारसा फायदा दिसत नाही, तर मोठे लोक म्हणाले पेशंट म्हणजे काय आकडे आहेत काय, प्रत्येक माणूस वेगळा असतो. हे वाक्य मी स्वतः चेंबरमध्ये किती वेळा ऐकलंय. 'माझा अनुभव वेगळा आहे' ह्याच्यापुढे कुठलाच पेपर टिकत नाही.

आणि उलट बाजू बघा. डोक्यातल्या वायरिंगच्या चित्रात छान बसत होतं म्हणून मेंदूचा पुढचा भाग कापायचं ऑपरेशन लोकांनी डोक्यावर घेतलं, मोनिझ नावाच्या पोर्तुगीज डॉक्टरला त्याबद्दल १९४९ साली नोबेलही मिळालं. हार्ट अटॅकनंतर ठोके चुकतात आणि माणसं मरतात, म्हणजे ठोके सरळ केले की माणसं वाचतील, किती सरळ हिशोब. त्या गोळ्या लाखो लोकांना दिल्या. १९८९ साली नीट ट्रायल झाली तर कळलं की ठोके सरळ होतात पण माणसं जास्त मरतात. ह्याला फारसा कुणी विरोध केला नव्हता बरं का. जिथे विरोध व्हायला हवा होता तिथे झाला नाही, हा भाग लॉबीवाल्यांच्या हिशोबात बसत नाही म्हणून ते सांगत नाहीत.

आता माझ्या धंद्याकडे येतो. अल्सर. ऐंशीच्या दशकात अल्सर म्हणजे आमची दुभती गाय होती. टेन्शन, तिखट, ॲसिड ह्यानं अल्सर होतो, ॲसिड कमी करणारी गोळी द्या, बंद केली की परत येतो, मग परत गोळी, वर्षानुवर्षं, आणि नाहीच जमलं तर सर्जन पोट उघडून नस कापायचे. तिकडे ऑस्ट्रेलियात पर्थला वॉरन नावाच्या पॅथॉलॉजिस्टला पोटाच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत होते. पोटात इतकं ॲसिड असताना जंतू राहूच शकत नाहीत हे सगळ्या पुस्तकांत होतं, आणि १९५४ सालीच पामर नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ११८० लोकांच्या पोटाचे तुकडे तपासून जंतू नाहीत म्हणून प्रकरण बंद केलं होतं. गंमत म्हणजे जंतू असणारच त्यात, पण पामरच्या रंगात ते धड दिसत नाहीत, वॉरननं चांदीचा रंग वापरला म्हणून दिसले. मार्शल हा त्याचा ज्युनियर, दोघं जंतू वाढवायला बघत होते आणि जमत नव्हतं, प्लेटी दोन दिवसांत फेकून द्यायचे, १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेट तशीच राहिली आणि जंतू उगवले. १९८३ साली ऑस्ट्रेलियातल्याच पोटाच्या डॉक्टरांच्या सभेनं मार्शलचा पेपर घेतला नाही. १९८४ साली त्यानं तो जंतू ग्लासातून स्वतः प्यायला आणि काही दिवसांत पोट सुजवून घेतलं.

लोक इथे टाळ्या वाजवतात. पण थांबा, पिऊन त्याला सूज आली, अल्सर झाला नव्हता. डॉक्टरांनी शंका घेतली ती अगदीच वेड्यासारखी नव्हती. जंतू मारला की अल्सर परत येत नाही हे दाखवणाऱ्या ट्रायल यायला ऐंशीच्या दशकाचा शेवट उजाडला, आणि १९९४ साली अमेरिकेच्या आरोग्य संस्थेनं जाहीर सांगितलं की अल्सरला अँटिबायोटिक द्या. म्हणजे बारा वर्षं. काही अभ्यासक म्हणतात बारा वर्षं फार नाहीत, आणि ते बरोबरही असेल. मला फक्त एवढं सांगायचंय की १९९४ नंतरसुद्धा आमच्या लाईनला रोजची ॲसिडची गोळी आरामात चालत राहिली. दोन आठवड्यांचा कोर्स करून जो बरा होतो तो पेशंट परत येत नाही, ना डॉक्टरकडे ना कंपनीकडे. कोणी बसून कट केला नव्हता. कट करायची गरजच पडत नाही, प्रत्येकजण आपापलं टार्गेट बघतो आणि झालं.

आता दुसरा प्रकार, कमी शिकलेल्याच्या हातून होणारा इलाज. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये आले, बनगावला कॉलरा पसरला, छावणीत शंभरात तीस माणसं मरत होती, शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून पेशंटच्या नातेवाईकांनाच पाजायला लावलं, लोकांना पटावं म्हणून त्याला ओरल सलाईन म्हणायचे. मृत्यू शंभरात चारच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोजबरोबर मीठ शोषलं जातं आणि त्याच्या मागोमाग पाणी येतं हे साठ सालापासून माहीत होतं, म्हणजे इथे कारणही हातात होतं. तरी मोठ्या जर्नलनी पेपर परत पाठवला, छापून आला १९७३ साली. आणि त्याच्या वीस वर्षं आधी, १९५३ साली, कलकत्त्याच्याच डॉ. हेमेंद्रनाथ चॅटर्जींनी १८६ कॉलरा पेशंटना तोंडानं मीठ-साखरेचं पाणी देऊन बरं केल्याचं लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं होतं, तिकडे कोणी लक्षच दिलं नाही. त्याच लॅन्सेटनं १९७८ साली लिहिलं की हा कदाचित शतकातला सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. मीठ, साखर, पाणी!

आणि आज? आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात जा, जुलाबाचा पेशंट, तोंडानं पाणी घेऊ शकतो, उलटी थांबलेली आहे, तरी बाटली टांगलेली. डॉक्टरला विचारलं तर म्हणतो पेशंटच मागतो हो, सलाईन लावलं नाही तर दुसऱ्याकडे जाईल. तेही खरं आहे. आपल्याला वाटतं सुई टोचल्याशिवाय गुण येत नाही. तेव्हा लॉबी म्हणताना आपण स्वतःलाही त्यात धरायला हवं, नुसतं डॉक्टरांकडे बोट दाखवून नाही चालणार.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच केलं, गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरी काळजी, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा. ३९ गावांत हे केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलं की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. शहरातल्या बालरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न, बाळाला इंजेक्शन आणि तेही चौथी-सातवी शिकलेली बाई देणार? बाळ वाचलं का हा प्रश्न नंतर. आज आशाताई घरोघर जाऊन नवजात बाळ बघतात ते ह्याच कामातून आलंय.

आता विंचू. लेखकानं व्हिएन्ना, पर्थ सगळं फिरून घेतलं आणि महाडला यायला विसरले. कोकणात लाल विंचू म्हणजे काय ते इथल्याला सांगायला नको, जांभ्याच्या दगडाखाली, कौलात, लाकडाच्या ढिगात, भाताच्या पेंढ्यात. चावला की नुसती कळ आली तर नशीब म्हणायचं, पण काहींना घाम फुटतो, हात-पाय बर्फासारखे गार पडतात, उलट्या होतात, बीपी चढतं आणि मग छातीत पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस. धडधाकट पोरं रात्रीत गेलेली लोकांनी पाहिलीत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ च्या सुमारास महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा पुस्तकात ह्यावर धड काही नव्हतं, जे होतं त्यानं माणसं वाचत नव्हती. त्यांनी पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून लिहून काढलं की आधी काय होतं, मग काय होतं. १९८२ साली त्यांचं निरीक्षण लॅन्सेटमध्ये आलं. विषानं शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, म्हणजे ह्याला बीपीची एक साधी जुनी गोळी, प्राझोसिन, का चालू नये? चालली. गंभीर पेशंटमध्ये शंभरात तीस-चाळीस दगावायचे ते एक-दोनवर आले.

ह्या शोधाला कोणी शिव्या दिल्या नाहीत, समिती बसवली नाही. त्याचं झालं ते जास्त आपल्या पद्धतीचं, लक्षच दिलं नाही. आरोग्य केंद्रातला डॉक्टर, तोही खेड्यातला, तो काय शोध लावणार ही पहिली अढी. आणि गोळी स्वस्त, चावतो तो शेतकरी नाहीतर त्याचं पोर. माझ्या बॅगेत इतक्या वर्षांत खोकल्याची सतरा औषधं आली, टॉनिकं आली, पण विंचवासाठी प्राझोसिन सांगा असं डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरांपुढे त्याची जाहिरात करायची सूचना, एकदाही आलं नाही, आणि येणार तरी का होतं. ज्याला एमआर नाही त्या शोधाला पाय नसतात. इथल्या डॉक्टरांनी ते एकमेकांकडून ऐकून, बावस्करांना फोन करून शिकून घेतलं. पद्मश्री मिळाली २०२२ साली.

पण मला बावस्करांचं खरं मोठेपण पुढच्या गोष्टीत वाटतं. विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष, उपलब्ध झाल्यावर त्यांनी स्वतःच ट्रायल केली, निम्म्या पेशंटना फक्त प्राझोसिन, निम्म्यांना प्राझोसिन अधिक प्रतिविष. ज्या गोळीनं नाव झालं तीच अपुरी ठरू शकते अशी ट्रायल! आणि निकाल तसाच आला, दोन्ही दिलेले पेशंट लवकर सावरले. २०११ साली त्यांनी तो ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला.

हे मी मुद्दाम सांगतोय कारण लेखकाच्या लेखाखाली ज्या वाचकांची पत्रं आली त्यातल्या निम्म्यांचा सूर होता की सेमेलवाइसला हसले तसे आमच्या अमुक काढ्याला हसतात, तमुक बाबांच्या कॅन्सरच्या औषधाला हसतात. अहो, ज्यांना हसले त्यातले बहुतेक हसण्याच्याच लायकीचे होते, त्यांची नावं इतिहासात उरली नाहीत एवढंच. सेमेलवाइसकडे महिन्याच्या महिन्याला मेलेल्या आणि जगलेल्यांचा हिशोब होता. काढेवाल्याकडे बरे झालेल्यांचे फोटो असतात, गेलेल्यांची वही कुठाय? १९६० साली अमेरिकेच्या औषध खात्यात फ्रान्सिस केल्सी नावाच्या नुकत्याच रुजू झालेल्या बाई होत्या, थॅलिडोमाइड नावाची नवी झोपेची गोळी मंजूर करा म्हणून कंपनीनं त्यांच्यामागे तगादा लावला होता, त्या म्हणत राहिल्या अजून माहिती द्या, अजून माहिती द्या. तेव्हा त्यासुद्धा नव्याला अडवणाऱ्या बाबूच वाटल्या असणार. मग युरोपात हातपाय नसलेली मुलं जन्माला यायला लागली, जगात दहा हजारांच्या वर. असा अडथळा मला हवाय. माझी तक्रार अडथळा आहे ही नाही, तो महागाला उघडतो आणि स्वस्ताला बंद होतो ही आहे.

एप्रिल २०२१ आठवतो ना? रेमडेसिविरसाठी मेडिकलबाहेर रात्रभर रांगा, ब्लॅक, कलेक्टर ऑफिसला फोन, नेत्यांचे फोटो लावून वाटप. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं की ह्यानं मृत्यू कमी होतात असा पुरावा नाही. प्लाझ्माचं तर आपल्याच आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर बघितलं होतं, फायदा नाही, ऑक्टोबर २०२० मध्ये छापूनही आलं, तरी ते सरकारी यादीतून निघालं मे २०२१ मध्ये, अर्धी लाट ओसरल्यावर, तोवर नातेवाईक प्लाझ्मासाठी व्हॉट्सॲपवर भीक मागत होते. आणि ज्यानं खरंच माणसं वाचत होती ते डेक्सामेथासोन, काही रुपयांचं स्टेरॉइड, जून २०२० पासून सगळ्यांना माहीत होतं, त्याच्यासाठी कुठे रांग लागल्याचं मी तरी पाहिलं नाही. ही लॉबी असेल तर त्या लॉबीत डॉक्टर होते, कंपन्या होत्या, पुढारी होते, पेपर होते (राग मानू नका) आणि आपण सगळे होतो.

आणि कोण बोलतोय ह्यावरही बरंच ठरतं. परळच्या हाफकिन संस्थेवरून जाताना किती जणांना माहीत असतं की हाफकिन डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्र शिकलेला, रशियातून आलेला ज्यू. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, त्यानं ग्रँट मेडिकलमध्ये काही महिन्यांत लस बनवली, १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. १९०२ साली पंजाबात मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस दिली, त्यातले १९ जण धनुर्वातानं गेले, सगळे एकाच बाटलीतले. ज्या बाटल्यांतून बाकीच्यांना टोचलं ते ठणठणीत. म्हणजे घोटाळा त्या बाटलीपाशी, गावात झाला हे शाळकरी पोरालाही कळेल, नंतर निघालंही तसंच, बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो तसाच वापरला. पण आयएमएसच्या, म्हणजे सरकारी इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, साहेबांनी हाफकिनला सस्पेंड केलं. मलेरियावाल्या रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये लिहिल्यावर, १९०७ साली, तो सुटला. पाच वर्षं गेली. संस्थेला त्याचं नाव दिलं १९२५ साली, तेव्हा तो देश सोडून गेला होता.

कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांचं तर ह्याहून वाईट झालं. जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीनंतर ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला त्यांच्या प्रयोगातून दुर्गा ही टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. सरकारनं समिती नेमली, समितीनं खोटं ठरवलं, जपानला जायची परवानगी नाकारली, बदली केली डोळ्यांच्या संस्थेत. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून आपल्याकडे १९८६ साली मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलीचं नाव घेतात, आणि त्या यशातले एक प्रमुख शास्त्रज्ञ डॉ. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांच्या वह्या वाचून १९९७ साली जाहीर लिहिलं की पहिला मान माझा नाही, त्यांचा. असं करणारे फार कमी.

असो. लेखकाला माझं सांगणं एवढंच की 'डॉक्टर लोक' असं सरसकट लिहू नका, आणि पत्र लिहिणाऱ्या डॉक्टरांना सांगणं एवढंच की 'पुरावा आला की आम्ही लगेच घेतो' हे वाक्य जुलाबाच्या पेशंटला लावलेल्या सलाईनच्या बाटलीखाली उभं राहून म्हणून बघा.

आणि आपल्याला एक विनंती. मे महिना आला की कोकणात विंचू चावायला सुरुवात होते, मग पुन्हा भातकापणीच्या वेळी. आपल्या जिल्हा प्रतिनिधींना सांगून रायगड-रत्नागिरीतल्या आरोग्य केंद्रांत एक चक्कर मारायला लावा, औषधाच्या रजिस्टरमध्ये प्राझोसिन आणि विंचवाची लस शिल्लक आहे का, आणि रात्री ड्युटीवर असणाऱ्या डॉक्टरला डोस माहीत आहे का एवढंच विचारायला सांगा. ज्या केंद्रात नसेल त्याचं नाव छापा.

आपला,
एक निवृत्त एमआर,
चिपळूण